कासवाच्या वर्तुळाचा मध्य

मी एक जुना कंपास आहे. तुमच्या दप्तरात पत्र्याच्या डबीत असतो, तो नव्हे, मित्रांनो. तो माझा धाकटा पुतण्या म्हणा हवं तर. मी फळ्यावरचा कंपास, हातभर लांब, अस्सल सागवानी. माझ्या एका पायाला लोखंडी टोक आहे आणि दुसऱ्या पायाला खडू धरायची पितळी कडी. टोक फळ्यात रोवायचं, खडूचा पाय फिरवायचा, की झालं वर्तुळ. एवढंच मला येतं, पण ते माझ्याइतकं नेटकं आणखी कुणाला येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग कासव आलं. त्या कासवाची आणि माझी ही गोष्ट आहे. आधीच सांगून ठेवतो, त्याचं कौतुक माझ्या तोंडून फारसं ऐकायला मिळणार नाही.

माझा जन्म खाडीकाठच्या गावातला. न्हावा शेव्याचं बंदर तेव्हा व्हायचं होतं, कंटेनरच्या गाड्या यायच्या होत्या. गावात होड्या बांधल्या जायच्या. रोहिदास हा त्यातला नावाजलेला कारागीर. नव्या शाळेचे मास्तर त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, फळ्यावर गोल काढायला काहीतरी करून दे बाबा. रोहिदासनं एका होडीच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं. दोन्ही पाय रंधा मारून गुळगुळीत केले आणि माथ्याशी जोडायला तांब्याचा खिळा काढला.

मास्तर म्हणाले, "लोखंडाचा चालेल की रे."

"खारं वारं हाय गुरुजी," रोहिदास म्हणाला. "लोखंड गंजंल, नि मंग याचे पाय हालतील. पाय हालले त गोल कसा येल?"

तो खिळा अजून घट्ट आहे. हवं तर येऊन हलवून बघा.

पुढे शाळेत हौसेराव मोहिते सर आले. साताऱ्याकडचे, आवाज खणखणीत, गणित म्हणजे जीव की प्राण. त्यांनी मला नववीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या बाजूला खिळ्यावर टांगलं. दर शनिवारी ते माझ्या सांध्याला खोबरेल तेलाचं बोट लावायचे. भूमितीचा तास असला की मला हातात घ्यायचे, आणि वर्गात आपोआप शांतता पसरायची. खडू फिरत फिरत जिथून निघाला तिथे येऊन टेकला, की पोरं एकदम "हाऽऽ" करायची. तो "हाऽऽ" ऐकायला मी आठवडाभर थांबायचो.

आणि खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. शिपाई धनाजी टेबलावर धुतलेलं धोतर अंथरायचा. त्यावर तराजू, परीक्षानळ्या, कुदळ, शाळेची घंटा, सगळं मांडायचा. पण पहिलं कुंकू माझं. सर स्वतः बोटावर कुंकू घ्यायचे आणि माझ्या माथ्यावर, अगदी त्या तांब्याच्या खिळ्यावर लावायचे. घंटा माझ्याकडे बघून नुसती धुमसायची. मला तेव्हा तिची मजा वाटायची. जळणं म्हणजे काय हे मला कुठे माहीत होतं!

नववीत भाग्यश्री आली आणि माझा ऊर भरून आला. रोहिदासची नात ती. काळीसावळी, चुणचुणीत. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, फळ्यावर वर्तुळ कोण काढतं? ती उठली. इतर मुलं मला दोन्ही हातांनी धरून धडपडायची, टोक सटकायचं, वर्तुळाचं वांगं व्हायचं. हिनं टोक रोवलं, मनगट वळवलं आणि एका दमात फिरवलं मला. रोहिदासचाच हात तो. त्या दिवसापासून भूमितीच्या तासाला मला खिळ्यावरून काढायचं काम तिचं. मी ठरवूनच टाकलं, ही पोरगी माझी.

मित्रांनो, त्या वर्षांत राज्यभर एकच धडपड चालली होती. गावोगावच्या शाळांत गणित-विज्ञान सुधारायचं, मुलांनी घोकायचं नाही तर करून बघायचं, असं जो तो बोलत होता. सुट्टीत सर प्रशिक्षणाला जायचे आणि परत आले की पुठ्ठे, दोऱ्या, भिंगं घेऊन वर्गात शिरायचे. तोवर ठीक होतं. पुठ्ठ्याशी माझं भांडण नव्हतं. मग एकदा जीप आली, तिच्यातून खोके उतरले, आणि शेजारच्या खोलीत संगणक बसला. तालुक्यातल्या फार थोड्या शाळांना मिळाला होता म्हणे. आख्खा गाव बघायला लोटला.

काय त्याचे लाड! माझ्या वर्गाला पंखा नव्हता, त्याच्या खोलीला लगेच लागला. खिडकीला पडदा आला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, हळू बोलायचं. त्याला शिकवायला खास वाशीहून राजेश्वरी मॅडम यायच्या. या सगळ्याकडे मी एक वेळ काणाडोळा केला असता. पण भाग्यश्रीनं घरून त्याच्यासाठी झबलं शिवून आणलं! धूळ बसू नये म्हणून, गुलाबी फुलांच्या कापडाचं, कडेला झालर लावलेलं. इतकी वर्षं मी उघडा टांगलेला. मला कुणी साधी पिशवी शिवली नाही.

दोन खोल्यांमधलं दार उघडं असलं की मला खिळ्यावरून त्याचा काचेचा पडदा दिसायचा. त्यावर एक चिमुकला त्रिकोण होता. मॅडम म्हणाल्या, हे कासव. याला फॉरवर्ड म्हटलं की पुढे जातं, राइट म्हटलं की उजवीकडे वळतं, आणि जाताना मागे रेघ सोडतं. मला हसू आलं. हे कसलं कासव, ना पाय ना पाठ. मग एके दिवशी मॅडमनी हौसेराव सरांना हाक मारली. सर तास चालू असताना तसेच गेले, मी त्यांच्या हातातच. मॅडमनी काही बटणं दाबली. कासव एक पाऊल पुढे गेलं, किंचित वळलं, पुन्हा एक पाऊल, पुन्हा किंचित वळलं. आणि बघता बघता वर्तुळ पुरं झालं.

"आयला!" सर म्हणाले. "ह्याला मध्यच लागत नाय की!"

"नाही ना सर," मॅडम हसल्या. "फक्त पुढे जायचं आणि वळायचं. दहा-दहा अंश छत्तीस वेळा वळलं की घरी परत."

सरांना ते इतकं आवडलं की बटण दाबायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी मला दाराबाहेर टेकवून ठेवलं. चपलांशेजारी. मित्रांनो, मी, ज्याच्या माथ्यावर पहिलं कुंकू लागायचं तो, त्या दुपारी पोरांच्या चपलांच्या ढिगात उभा होतो, आणि आतून "हाऽऽ" ऐकू येत होता. माझा "हाऽऽ"!

मी जळलो. जळणारच. आणि खरं सांगू का, ते वर्तुळ नव्हतंच. जवळ जाऊन बघा, छत्तीस सरळ रेघा कडेला कडा लावून बसलेल्या असतात. नुसता गोलपणाचा आव. पण हे सांगणार कुणाला? भाग्यश्री तर पुरती कासवाची झाली. मधल्या सुट्टीत तिथेच, शाळा सुटल्यावर तिथेच. भूमितीच्या तासाला मला काढायला ती यायची, पण घाईघाईनं. एकदा तर टोक नीट न रोवताच फिरवलं आणि वर्तुळ फसलं. तिचं लक्ष शेजारच्या खोलीत होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दसरा जवळ आला तशी बातमी आली. पुण्याला राज्यभरातल्या मुलांचं गणित-विज्ञानाचं शिबिर भरणार होतं. प्रत्येक संगणकवाल्या शाळेतून नववीचा एकच विद्यार्थी जाणार. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार, मुलांचं काम बघणार आणि तिथल्या तिथे नाव ठरवणार. सरांनी भाग्यश्रीचं नाव पुढे केलं. ती कासवाकडून वर्तुळ काढून दाखवणार होती. पोरीला दुसरं काही सुचेना. बांधावरून घरी जाताना तोंडानं फॉरवर्ड, राइट चालूच. रोहिदास आता म्हातारा झाला होता. एकदा तिला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "गो बाय, पुन्याला खारीच्या पान्याचा आवाज तरी हाय का? तिथं तुला झोप कशी लागंल?"

"आज्या, झोपायला नाय जायचं," ती म्हणाली. "राज्यातली पोरं येनार तिथं. माझ्यासारखी. मला त्यांना बघायचंय."

आणि तेवढ्यात खंडेनवमी आली.

धनाजीनं धोतर अंथरलं. सगळे मांडले गेले, मीही होतो. संगणक जड म्हणून तो त्याच्या खोलीतच, आणि पूजेचं तबक त्याच्याकडे जाणार असं ठरलं. मी म्हटलं, ठीक आहे, शेवटी जाईल. सरांनी बोट कुंकवात बुडवलं. माझा माथा आपोआप ताठ झाला. सर माझ्यासमोरून पुढे गेले, थेट शेजारच्या खोलीत, आणि पहिलं कुंकू त्या पेटीच्या कपाळाला लावलं. घंटा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

राजेश्वरी मॅडम त्या दिवशी वाशीला घरी होत्या. त्या असत्या तर पुढचं झालं नसतं. धनाजीला वाटलं, एवढं मोठं हत्यार, पूजाही तशीच भरघोस हवी. पेटीला समोर एक आडवी फट होती. तिच्यात मॅडम ती चौकोनी तबकडी घालायच्या, फ्लॉपी. कासव त्या फ्लॉपीतून बाहेर यायचं. धनाजीनं हात जोडले, कुंकवात भिजवलेल्या अक्षता चिमटीत धरल्या आणि देवाला घास भरवावा तशा त्या फटीत घातल्या. एकदा नव्हे. घातल्या, नमस्कार केला, परत घातल्या. मागून वर्गातल्या पोरांनीही रांगेनं भक्तिभावानं तेच केलं. मी दारातून सगळं बघत होतो. मला तोंड असतं तरी मी हाक मारली नसती.

मला त्या वर्षी कुंकू लागलंच नाही. कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

सुट्टीभर संगणकाची खोली कुलूपबंद होती. शाळा उघडली, आणि त्याच दिवशी साहेब येणार होते. भाग्यश्री धुवट गणवेशात, वेण्यांना नव्या रिबिनी लावून आली. अंगण धुतलेलं, दारात रांगोळी. साहेब आले. उंच, चष्मेवाले, घाईत, कारण पुढे आणखी शाळा बघायच्या होत्या. मॅडमनी झबलं काढलं, बटण दाबलं, पडदा उजळला. भाग्यश्रीनं फ्लॉपी आत सरकवली.

कर्रर्र.

पुन्हा घातली. कर्रर्र कट्. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं, कासव काही आलं नाही. मॅडमनी फ्लॉपी ओढून काढली. तिला लाल लगदा चिकटला होता.

"हे काय? तांदूळ? आत तांदूळ कुणी घातले?"

"आवं मॅडम," धनाजीच्या तोंडचं पाणी पळालं, "खंडेनवमीला हत्याराला अक्षता वाहत्यात न्हवं. म्या काय चोरून घातल्या न्हाईत, समद्यांनी घातल्या..."

सर मान खाली घालून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "टेन्शन नका घेऊ, दुरुस्त होईल," आणि पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहिल्या. आणि मी? मला नाचता आलं असतं तर मी खिळ्यावर नाचलो असतो. मरू दे ते कासव, गिळू दे तांदूळ! आता येतील माझ्याकडे, आता आठवेन मी!

साहेब चांगले होते. म्हणाले, "चुकून झालं, असू दे. पण काम बघितल्याशिवाय नाव कसं देऊ? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी भाग्यश्री दहावीत जाणार होती, आणि शिबिर नववीचं होतं. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. फ्लॉपीवरचा लगदा रिबिनीच्या टोकानं पुसत होती, हळूहळू, परत परत. माझं नाचणं तिथेच थांबलं. कासव बुडालं तर बुडू दे, पण त्याच्याबरोबर ही पोर बुडत होती, आणि ही पोर माझी होती.

साहेब दारापर्यंत गेले तेव्हा ती म्हणाली, "सर, कासव काय पेटीत नसतं. सांगितलेलं ऐकायचं, पुढे जायचं, वळायचं, एवढंच करतं ते. ते तर मी पन करीन. दाखवू?"

साहेब थांबले. "कुठे?"

"अंगनात."

ती धावत वर्गात आली. माझ्याकडे! मी सज्ज झालो. तिनं माझ्या कडीतला खडू काढून घेतला, शेजारचा लाकडी कोनमापक उचलला आणि गेली. मला तसंच लटकत ठेवून! बिनखडूचा, रिकाम्या कडीचा मी खिडकीतून बघत राहिलो.

अंगणात कोबा होता. भाग्यश्री मध्ये उभी राहिली, चपला काढल्या. आपलं पाऊल जमिनीवर टेकवलं, पावलाएवढी रेघ ओढली, कोनमापक ठेवून दहा अंश वळली, पुन्हा पाऊल. आख्खा वर्ग भोवती जमला आणि ओरडू लागला, "फॉरवर्ड! राइट! फॉरवर्ड! राइट!" धनाजीही ओरडत होता, सगळ्यांत मोठ्यानं. ती वाकून वाकून पुढे सरकत होती, घाम नाकावरून टपटपत होता. रेघ वळत गेली, वळत गेली, आणि जिथून निघाली होती तिथे येऊन टेकली. सगळं अंगण "हाऽऽ" करून ओरडलं.

मी खिळ्यावरूनच तो "हाऽऽ" ऐकला. तो पुन्हा कासवालाच मिळाला होता.

साहेब वर्तुळाभोवती एक चक्कर मारून आले. आता त्यांना घाई दिसत नव्हती. "शाबास," ते म्हणाले. "आता मला सांग, या वर्तुळाचा मध्य कुठे आहे?"

कासव पुढे जातं आणि वळतं. मध्याशी त्याची ओळखच नसते. तो त्याला आयुष्यात लागलेलाच नसतो. मला इतका आनंद झाला की तांब्याचा खिळा निखळेल असं वाटलं. सांग ना कासवा! सांग!

भाग्यश्रीनं एक क्षण वर्तुळाकडे बघितलं. मग ती वळली आणि या वेळी खरंच माझ्याकडे आली. दोन्ही हातांनी मला खिळ्यावरून काढलं, कडीत खडू घट्ट बसवला आणि मला उन्हात घेऊन गेली. तिनं वर्तुळाच्या कडेवर दोन खुणा केल्या, त्या रेघेनं जोडल्या. एका खुणेवर माझं टोक टेकवून कंस मारला, दुसऱ्या खुणेवरून दुसरा. कंस ज्या दोन जागी छेदले तिथून दप्तरातली जाळं विणायची सुतळी खडूनं माखून ताणली आणि झटका दिला. कोब्यावर पांढरी सरळ रेघ उमटली. हेच तिनं कडेच्या दुसऱ्या भागावर पुन्हा केलं. तिचं मनगट फिरत होतं, मी फिरत होतो, आणि माझा एकही पाय हलला नाही. दोन रेघा वर्तुळाच्या पोटात एकमेकींना भेटल्या.

"हितं," ती म्हणाली, आणि माझं टोक तिथे दाबून असं रोवलं की कोब्याचा टवका उडाला.

साहेब स्वतः उकिडवे बसले. सुतळीचं एक टोक माझ्या पायापाशी धरायला लावलं, दुसरं टोक हातात घेऊन वर्तुळाच्या कडेनं फिरले. सगळीकडे बरोबर आलं. एका ठिकाणी फक्त बोटभर आत, तिथे तिचं पाऊल जरा तिरकं पडलं होतं. कासवाचंच ते, माझं नव्हे, याची नोंद घ्या.

साहेब उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "पूर्ण नाव सांग बाळ."

तिनं सांगितलं. हौसेराव सरांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. राजेश्वरी मॅडमनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. पोरं ओरडत होती, "कासव! कासव! कासव!" कंपास, कंपास असं कुणी ओरडलं नाही. मी कान देऊन ऐकत होतो. पण तिनं मला लगेच खिळ्यावर नेलं नाही. सगळे आत गेल्यावरही ती मला छातीशी धरून त्या टवक्यापाशी उभी राहिली, आणि माझ्या माथ्यावर तिचा अंगठा होता, जिथे कुंकू लागतं तिथे.

ती पुण्याला जाऊन आली. आज्यासाठी तिथून बाकरवड्या आणल्या. पुढे पनवेलच्या कॉलेजात गेली, मग मशीनच्या शिक्षणाला आणखी लांब. आता शाळेत रंगीत पडद्याचे नवे संगणक आले आहेत, एक नव्हे, रांगेनं. हौसेराव सर निवृत्त झाले. फळ्यावर आता कुणी वर्तुळ काढत नाही. काढलंच तर वाटी ठेवून काढतात. वाटी! मला अडगळीच्या कपाटात ठेवलं आहे, आणि माझ्या शेजारी कोण आहे माहितीये? तोच. फटीत अजून दोन-चार लाल तांदूळ अडकलेले आहेत त्याच्या. कासव बिचारं आतच राहिलं.

बिचारं म्हणालो का मी? त्याच्या अंगावर अजून ते गुलाबी झबलं आहे. मी उघडाच.

पण एक सांगतो. भाग्यश्रीचं वर्तुळ त्याच आठवड्यात झाडूनं पुसलं गेलं. टवक्याचा खड्डा मात्र अजून कोब्यात आहे. त्यात पाणी साचतं, चिमण्या येऊन पितात.

मित्रांनो, कधी आमच्या शाळेत आलात तर तो खड्डा बघा, आणि कपाट उघडा. जुनं म्हणून आम्हाला भंगारात घालू नका. मला थोडं खोबरेल लावा, हातात घ्या, एकदा तरी फिरवा. त्यालाही बाहेर काढा, माझी ना नाही. इतकी वर्षं अंधारात शेजारी काढली की सवय होते एकमेकांची. त्याची धूळ पुसा, त्यालाही दसऱ्याला फूल वाहा, पण तांदूळ बाहेरच ठेवा बाबांनो, त्याला ते सोसत नाहीत.

आणि पहिलं कुंकू मला लावा.